कोतवालाची तिसरी हाक

सुरभीच्या गावातली माणसं मेल्यासारखी बोलतात, अशी तक्रार मुकेशनं केली तेव्हा नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, लागायला महिनाभर अवकाश होता. पण बोरगाव मेघेत ऊन आताच डोक्यात जात होतं, आणि दुपारी एकदा दारं लागली की रस्त्यावर चिटपाखरू दिसत नव्हतं.

गाव म्हणजे खरं गाव नव्हे. दर रविवारी दुपारी कूलरसमोर चटई टाकून सुरभी, मुकेश आणि गोपाल ही तिघं एक खेळ खेळत. तो खेळ गोपाल पुण्याहून शिकून आला होता. गेला होता इंजिनिअर व्हायला; इंजिनिअरिंग तिथंच राहिलं, खेळ तेवढा सोबत आला. आता तो जामच्या चौफुलीवर काकाचं टायरचं दुकान सांभाळत होता. मुकेशचं बोरगावातच मोबाइल दुरुस्तीचं दुकान. गोपालनं जादूगार व्हायचं, मुकेशनं योद्धा, आणि वीस बाजूंचा फासा टाकत भुयारं, चेटकिणी, राक्षस पार करत पुढं जायचं. खेळ चालवायचं काम सुरभीचं. म्हणजे या दोघांना सोडून त्या जगात जे जे कोणी भेटेल ते सगळं तीच. राक्षस ती, राजा ती आणि वाटेत भेटणारा फुटाणेवालाही तीच. सेवाग्रामच्या दवाखान्यात आठवडाभर लोकांचं रक्त तपासून आल्यावर तिला हे दुसरंच कोणी होणं फार बरं वाटे.

"राक्षस एक नंबर करतं तू," मुकेश म्हणाला. "पण माणसं? लोहार असो का वैद्य, सगळे बँकेतल्या बाईसारखे बोलतात. 'उद्या या.'"

सुरभीला राग आला, कारण बोलणं खरं होतं. माणसं आणायची कुठून? ती वाढली एकाच माणसाजवळ. आबांजवळ.

आबा म्हणजे तिच्या आईचे वडील, रूपराव. वय चौऱ्याऐंशी, गुडघे गेलेले, कान शाबूत. सावळधरा नावाच्या गावचे ते कोतवाल. कोतवाल म्हणजे गावचा सरकारी सांगकाम्या: दवंडी देणं, नोटिसा पोचवणं, कोण जन्मलं कोण मेलं ते कळवणं. चोवीस वर्षांपूर्वी धरण झालं आणि सावळधरा पाण्याखाली गेलं. सुरभी तेव्हा पाच वर्षांची होती. त्याच साली तिची आई छाया तापानं गेली. बापानं त्याआधीच दुसरं घर केलं होतं, तेव्हा त्याचं नाव या गोष्टीत पुन्हा येणार नाही.

आईचा एक फोटो होता. स्टुडिओतला, तोंड घट्ट मिटलेला. चेहरा त्यामुळे सुरभीला पाठ होता, पण आवाज आठवत नव्हता. आई काय बोलायची, कशी हाक मारायची, आवाज बारीक होता की जाडा, काहीच नाही. लोकांना आईच्या हातची भाजी आठवते. हिला आईच्या आवाजाचा एक तुकडा मिळाला असता तर बाकी सगळं तिनं सोडून दिलं असतं. आणि आबांचं असं की, म्हातारपणानं म्हणा की सवयीनं, ते हिलाच अर्ध्या वेळा छाया म्हणून हाक मारत. हीसुद्धा "ओ, आली आबा," म्हणून निघून जाई. चूक दाखवायची तरी किती वेळा?

तर त्या संध्याकाळी ती आबांच्या खाटेशी वही घेऊन बसली. "आबा, सावळधऱ्यातली माणसं सांगा ना. खेळाले पाह्यजेत."

आबांना कोणी गाव विचारावं, यापरतं सुख नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि दवंडीच्या वाटेनं निघाले. शिवेच्या दगडापासून सुरुवात, मग मारुतीचा पार, मग घरामागून घर. "नत्थू तेली लिव्ह. घाण्याच्या बैलापेक्षा याचंच तोंड जास्त चाले. मंग रामबाई सुईण. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलं. तानबा गुराखी. त्याले गाई समजल्या, बायको नाई समजली. बाबाराव मास्तर, रामाजी हाडं बसवणारा..."

जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कापून सुरभी पत्ते करत गेली. एका माणसाला एक पत्ता: नाव, धंदा, आणि त्याला काय हवं आहे. पाचही जणं केव्हाच देवाघरी गेलेली, तेव्हा कोणी भांडायला येणार नव्हतं. गावाचा नकाशाही काढला. शिवेचा दगड कुठं होता ते आबांनी स्वतः अंगठ्याचं नख रोवून दाखवलं.

"आन गल्लीच्या शेवटी?" तिनं विचारलं. "तिथं आपलं घर होतं ना?"

"तिथं कोणी नाई."

"आबा, पण—"

"ऊन लागून राह्यलं मले. पडू दे," आबा म्हणाले. बाहेर दिवेलागण झाली होती.

पुढच्या रविवारी मुकेशचा योद्धा नकाशावरच्या पहिल्या घरापाशी थांबला. मुकेशनं दोन्ही हात तोंडाशी नेऊन हाक मारली, "नत्थूभाऊ! ओ नत्थूभाऊ, आहे का घरात?"

सुरभीनं वाक्य जुळवून ठेवलं होतं. तिनं तोंड उघडलं आणि निघालं ते भलतंच.

"ओ! आलो ना बे, काऊन गावभर बोंबलून राह्यला?"

आवाज घोगरा, पुरुषी, आणि प्रत्येक 'स' दातांच्या फटीतून शिट्टी वाजवत येणारा. मुकेश टाळ्या वाजवायला लागला. त्या आवाजानं मग त्याला चिखलाचे पाय घेऊन आत आल्याबद्दल शिव्या घातल्या, तलवारीला गंज आलाय म्हणून हिणवलं आणि शेवटी वाटीभर जवसाचं तेल दिलं. सुरभीचा घसा दुखून आला, पण मजा अशी कधी आली नव्हती.

"कोणी ढेप आणली काय बे?" गोपाल नाक ओढत म्हणाला. खोलीत खरंच वास होता, घाण्यातून निघालेल्या ताज्या ढेपेचा, म्हणजे पेंडीचा, कोमट आणि आंबूस. त्या आळीत गाय नव्हती की म्हैस.

मधल्या दारात आबा भिंतीला धरून उभे होते. "नत्थू होता काय इथं?" त्यांनी विचारलं. पोरं हसली. म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्याला हसतात तशी.

पोरं गेल्यावर आबांनी पुन्हा विचारलं, "त्याच्या म्होरच्या दातात फट होती. हे मी तुले सांगतलं होतं?"

"नाई."

"मंग आवाज कुठून आणला व तू?"

"जमला आबा. असंच जमला."

आबा भिंत धरत खाटेकडं परतले. त्यांनी तिथंच तिला थांबवायला हवं होतं. पण चोवीस वर्षांनी आपल्या गावचा माणूस कानाशी बोलून गेला तर कोण दार लावून घेईल? पुढच्या रविवारी त्यांनी आपली खाट सरकवून मधल्या दाराशी आणून ठेवली.

त्या दिवशी गोपालच्या जादूगारानं रामबाईला हाक मारली. "ओ बापू, ये," सुरभीच्या तोंडून बाईचा आवाज आला, थकलेला, पान चघळणारा. गोपालला तिनं वरपासून खालपर्यंत पाहिलं. सुरभीचेच डोळे, पण सुरभी अशी कधी पाहत नसे. "तू तं पायाळू होय. चालण्यातच दिसते. मायले लय त्रास देल्ला तू."

गोपालच्या हातातला फासा तसाच राहिला. त्यानं उठून बाहेर जाऊन आईला फोन लावला. परत आला तेव्हा उन्हातून येऊनही चेहरा पांढरा होता. "खरं आहे," तो म्हणाला. "मी पायाकडूनच जन्मलो. माय म्हणते, कोणालेच सांगतलं नाई. लोक पाठीत उसण भरली का पाय लावाले बोलावत राह्यतात म्हणून."

शहाण्या माणसांनी तिथंच पत्ते गुंडाळून ठेवले असते. पण भीती वाटली तरी सोडवत नाही अशा ज्या काही गोष्टी असतात, त्यात हा खेळ केव्हाच जमा झाला होता. आणि सुरभीच्या मनात आता वेगळंच शिरलं होतं. आवाज तिचे नव्हते. ज्याचं नाव घेऊन हाक मारली, त्याचाच आवाज येत होता. मग गल्लीच्या शेवटच्या घराशी कोणी हाक मारली तर? तिनं एक कोरा पत्ता कापला आणि त्या जागेवर ठेवून दिला. नाव लिहायला हात धजेना.

तिसऱ्या रविवारी मास्तर बोलले, रामाजी बोलले. मग मुकेश तानबाच्या दाराशी गेला. त्याची हाक पुरती व्हायच्या आतच उत्तर आलं.

"ओ. किती दिवस बसवता बा आम्हाले इथं? अंगातलं पाणी निथळत नाई."

मुकेश हसला, मग हसायचा थांबला. नकाशाच्या कडा ओल्या झाल्या होत्या. कूलरचे तुषार असतील, असं प्रत्येकानं मनाशी म्हटलं आणि प्रत्येकानं चटई कूलरपासून किती लांब आहे तेही पाहिलं.

"कोणतं पाणी, तानबाजी?" मुकेशनं हळूच विचारलं.

"आमी सुटलो होतो बापा. आपापल्या वाटेनं गेलतो. तुम्ही हाका मारल्या, या पोरीनं ओ देल्ली, तं यावं लागलं. पण ते एकटी बिचारी पहिलेपासून इथंच आहे."

"कोण?"

"कोतवालाची पोर. गल्लीच्या शेवटी. पाण्यात दिवा कसा लागते माहीत नाई, पण लावून बसते. रोज कोणीतरी हाक मारते तिले. उठते, दारापर्यंत येते, मंग पुन्हा जाऊन बसते."

सुरभीनं आपलंच तोंड आपल्या हातांनी दाबलं. हाताखाली ओठ अजून हलत होते, एखाद्या दुसऱ्याचे असावेत तसे. मुकेशनं नकाशा उलटा केला, तेव्हा ते थांबले.

दारात आबा रडत होते. आवाज न करता, नुसती हनुवटी हलत होती. "पोरांनो, तुमी जा आता," ते म्हणाले. "मले हिच्याशी बोलाचं आहे."

आबांनी सांगितलं ते असं. सावळधऱ्यात माणूस गेला की दहाव्या दिवशी कोतवालानं शिवेच्या दगडावर उभं राहून, गावाकडं तोंड करून, त्याच्या नावानं तीन हाका मारायच्या. त्या वेळी गावात कोणी ब्र काढायचा नाही. तीन हाकांना कोणी ओ दिली नाही की मेलेल्याला कळतं, आपलं इथं आता कोणी नाही, आणि तो सुटतो. कोणी चुकून ओ दिली तर तो राहतो. म्हणून लहान पोरांच्या तोंडात गुळाचा खडा द्यायचे. गूळ विरघळेस्तोवर पोरगं तोंड उघडत नाही.

"छायाच्या दहाव्याले मीच उभा होतो दगडावर," आबा म्हणाले. "बाप बी मीच, कोतवाल बी मीच. घरात बाया रडत होत्या. एकीले वाटलं दुसरीनं गूळ देल्ला असन. मले बी पुसाचं सुचलं नाई. मी पहिली हाक मारली... आन तू घरातून पयत आली. 'ओ, आली आबा!'"

"मी?"

"तुमचा खेळच होता तो. मी कामाहून आलो का 'छाया' म्हणून हाक मारो, आन तिच्याऐवजी तूच ओ दे. ते आतून हासे. तुले काय माहीत बापा, त्या दिवशी कोणता खेळ होता तं."

 सुरभी खाटेच्या कडेला बसली. "मंग पुन्हा काऊन नाई मारल्या हाका?"

आबा खाली पाहून म्हणाले, "मारता आल्या असत्या. पुढच्या अवसेले मारता आल्या असत्या. पण मले वाटलं, राहू दे. पोरीनं ओ देल्ली, तं राहू दे तिले गावात. एकुलती लेक होती माही. सुटून कुठं जाईन, कोणाच्या घरी जाईन? इथं आहे तं इथं राहू दे... मंग पाणी आलं. आपण सामान ट्रॅक्टरात टाकून निघालो, आन ते तिथंच राह्यली."

"चोवीस वर्षं? पाण्यात?"

"हओ."

आयुष्यात पहिल्यांदा सुरभी आबांवर ओरडली. काय ओरडली ते तिलाही नंतर आठवलं नाही. ओरडून झाल्यावर तिनंच त्यांना पाणी दिलं, कारण दुसरं द्यायला घरात होतं कोण?

"तुह्या नकाशात दगड आहे," पाणी पिऊन आबा म्हणाले. "खरा दगड पाण्याखाली गेला, पण हा आहे. गाव बी आहे. मले खेळात घे. मी कोतवाल होतो."

"आन मी?"

"तू चूप राह्यजो."

"आबा, मी ओ देल्ली तं तिचा आवाज येईन."

"येईन. मले बी आयकाचा आहे तो," आबा म्हणाले. "म्हणूनच सांगून राह्यलो, नोको देऊ."

तो आठवडा सुरभीनं कसा काढला ते तिचं तिलाच ठाऊक. प्रयोगशाळेत नळ्यांवर नावं लिहिताना हात थांबे. एका दुपारी ती लवकर घरी आली, आबा झोपले होते. फोटोपुढं उभी राहिली. नुसतं नाव घ्यायचं आणि आपणच ओ द्यायची. एकदाच, एवढं एकदाच ऐकायचं. पुढच्या रविवारी सोडवणारच आहोत की. तिनं श्वास भरून घेतला, तोंड उघडलं, आणि तानबाचं बोलणं आठवलं: अंगातलं पाणी निथळत नाही. तिनं तोंड मिटलं आणि जाऊन भांडी घासत बसली. स्वच्छ भांडी पुन्हा घासली.

रविवारी नवतपा सुरू झाला होता. आबांनी सकाळी आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलं आणि पेटीतून कोतवालीचा पितळी बिल्ला काढून सदऱ्यावर लावला. मुकेश आणि गोपालला सगळं सांगितलेलं होतं. येणार नाहीत असं सुरभीला वाटलं होतं, पण दोघंही वेळेआधी आले, चपला न वाजवता.

"खेळ नाई होय आज," मुकेश म्हणाला.

"खेळच होय," आबा म्हणाले. "पण आज ओ द्याची नाई, एवढंच."

गुळाची भेली फोडून त्यांनी प्रत्येकाच्या तोंडात खडा दिला. मुकेशला, गोपालला, शेवटी सुरभीला.  चोवीस वर्षं उशिरा का होईना, तो खडा जागेवर पोचला. "विरघळला तरी तोंड उघडाचं नाई," ते म्हणाले. मग नकाशावर शिवेच्या दगडावर त्यांनी अंगठा टेकवला आणि पाठ ताठ केली.

"नत्थू तेली हो!"

तो आवाज त्या खोलीतला नव्हताच. चार शेतांपलीकडं ऐकू जाणारा, दवंडीचा आवाज. सुरभीच्या घशात काहीतरी वर चढून आलं, खोकल्यासारखं. तिनं दात आवळले. दुसरी हाक, तिसरी हाक. कोणी बोललं नाही. खोलीत ढेपेचा वास भरून आला, दाराकडं गेला आणि विरला.

रामबाईला सोडलं, मास्तरांना सोडलं, रामाजीला सोडलं. तानबाच्या तिसऱ्या हाकेनंतर घशात आलेलं ओझं असं झटकन उतरलं की सुरभीला वाटलं, दावं सुटलेलं जनावर पळालं असावं. गोपालच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसायला त्यानं हातही उचलला नाही.

मग आबांनी सगळ्यांना दुसरा खडा दिला. गल्लीच्या शेवटी ठेवलेला कोरा पत्ता उचलून त्यांनी त्यावर नाव लिहायला सांगितलं. सुरभीनं लिहिलं. छाया. धंद्याच्या आणि इच्छेच्या जागा कोऱ्याच राहिल्या. आईला काय हवं होतं, हे तिला कुठं माहीत होतं?

"छाया!"

ही दवंडीची हाक नव्हती. कामावरून घरी आलेल्या बापाची होती. खोलीतला उकाडा एकदम गेला. कूलर चालू होता, पण हा गारवा कूलरचा नव्हता. खोल पाण्याचा, तळाशी सूर्य कधीच न पोचलेला गारवा होता. कुठंतरी आत, फार आत, कोणीतरी बसल्या जागेवरून उठलं. सुरभीला ते आपल्या बरगड्यांत कळलं.

"छाया!"

पावलं दाराशी आली. सुरभीच्या तोंडातला गूळ संपत आला होता. जिभेनं ती शेवटचा कण शोधत होती.

तिसरी हाक आलीच नाही.

आबांचं तोंड उघडं होतं, पण आवाज निघत नव्हता. अंगठा दगडावरून घसरून गल्लीवर आला होता, घराच्या बाजूला. त्यांनी सुरभीकडं पाहिलं. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, पण नजर लेकराची होती: नको ना, राहू दे ना. चोवीस वर्षांपूर्वी अवसेला ते असेच बसले असतील. आणि सुरभीलाही हेच हवं होतं. तिनं नुसतं इथं काही केलं नाही, तरी आई दाराशी उभी राहणार होती. पुढच्या रविवारी, त्याच्या पुढच्या रविवारी, केव्हाही हाक मारावी आणि ऐकावं. कोणी तिला दोषही दिला नसता.

तिनं आबांचा अंगठा धरला आणि उचलून पुन्हा दगडावर ठेवला.

आबांनी डोळे मिटले. "छाया..." ते म्हणाले. हाक कसली, नुसता श्वास होता, पण नाव पूर्ण होतं.

सुरभीच्या छातीत कोणीतरी श्वास घेतला. तिचा नव्हे. ओ देण्याआधी माणूस भरून घेतो तो श्वास, हसू दाबलेला, लहानसा. तिचे ओठ आपोआप सुटायला लागले. तिनं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला आणि कपाळ जमिनीला टेकवलं. तो श्वास तिच्या आत थांबला, वाट पाहत राहिला. आईचं तिला मिळणार होतं ते एवढंच, हे तिला कळलं, आणि ती तेवढं ऐकत राहिली, जितका वेळ ऐकता आलं तितका. मग तो शब्दावाचूनच बाहेर गेला. मधल्या दाराचा पडदा एकदा हलला.

उकाडा परत आला. कूलरची घरघर पुन्हा ऐकू यायला लागली.

"गेली," आबा म्हणाले.

मुकेशनं पत्ते गोळा केले. छायाचा पत्ता हातात घेतल्यावर तो म्हणाला, "हा तं कोरडा आहे," आणि का कोण जाणे, तिथंच हुंदके देऊन रडायला लागला. गोपालनं त्याला बाहेर नेलं. जाताना दोघांनीही वळून सुरभीकडं पाहिलं.

संध्याकाळी तिनं खिचडी टाकली. आबा खाटेवर पडून होते. बिल्ला अजून सदऱ्यावरच होता. सुरभीचं तोंड गोड होऊन कडू पडलं होतं. आई सुटली, आता काही राहिलं नाही, असं ती मनाशी म्हणत होती, आणि त्यात सुख किती आणि दुःख किती याचा तिला पत्ता लागत नव्हता. ती पेला विसळत उभी असताना आतून हाक आली. नेहमीसारखी, अर्धवट झोपेतली.

"छाया, पाणी आन व."

ओ तिच्या ओठांवर आली होती. चोवीस वर्षांची सवय ती. आणि तिथंच सुरभीला तानबाचं बोलणं समजलं. रोज कोणीतरी हाक मारते तिले. उठते, दारापर्यंत येते. सकाळ-संध्याकाळ, पाण्याच्या पेल्यासाठी, चष्म्यासाठी, आबांनी मारलेली प्रत्येक हाक, आणि तिनं मायेनं दिलेली प्रत्येक ओ पाण्याखाली पोचत होती.

हातातला पेला घट्ट धरून ती ओट्याशी उभी राहिली. आत पुन्हा हाक आली. तिनं माठातून पाणी घेतलं, न बोलता खाटेपाशी गेली आणि पेला आबांच्या हातात दिला.

आबांनी मान वर केली. "काऊन व, ओ नाई देल्ली?"

"आबा," ती म्हणाली, "माहं नाव सुरभी आहे."

आबा तिच्याकडं पाहत राहिले. पेल्यातलं पाणी हिंदकळून त्यांच्या सदऱ्यावर सांडलं. मग त्यांनी ओठ हलवले, एकदा नुसतेच, शब्द तोंडात बसवून पाहावा तसे.

"सुरभी," ते म्हणाले.

"ओ," ती म्हणाली.